फोटो पाहाले नागपूरलेच काहून जावं लागते?

संपादक साहेब, नमस्कार.

मागच्या महिन्यात पोराच्या ॲडमिशनच्या कामानं नागपूरले गेलो होतो, दोन तास मोकळे होते म्हणून एका फोटो प्रदर्शनात शिरलो, फुकट होतं न बाप्पा. तिथं मार्गारेट बर्क-व्हाइट या अमेरिकन बाईनं 1946 साली काढलेला गांधीजींचा फोटो होता. चरखा पुढं, एकदम मोठा, अन् गांधीजी मागं खाली मान घालून कागद वाचत बसलेले. तिले म्हणे आधी सूत कातायले शिकावं लागलं, मग परवानगी भेटली, अन् फ्लॅशचे बल्ब मोजून तीनच. आपण मोबाइलवर एका बैलाचे चाळीस फोटो काढतो अन् एकही धड येत नाही.

मी कापूसवाला माणूस, माही नजर चरख्यावरच अटकली. काचेत ट्यूबलाइट चमकत होती म्हणून मान वाकडी करून पाहा लागे, तेवढं एक खटकलं.

माही मागणी साधी आहे, असे फोटो तालुक्याच्या वाचनालयात आठ दिवस तरी लावा. ओरिजिनल नको, चांगल्या प्रिंट चालतील. सेवाग्राम आमच्या जिल्ह्यात, अन् हा फोटो पाहाले मले पन्नाशी गाठावी लागली.

– एक शेतकरी, जि. वर्धा