दुसरी किल्ली

हिंदू कॉलनी, दादर

चि. सलील,
अनेक आशीर्वाद.

प्लेटलेट्स चाळीस हजारांवर आल्या होत्या, हे तू बरा झाल्यावर सांगितलंस, तेही हसत. फोन ठेवल्यावर आईने कुकरला शिट्टी न लावताच गॅस पेटवला. तुला रागवायचं नाही असं ठरवूनच लिहायला बसलोय. एकच सांग, तुझ्या फ्लॅटची दुसरी किल्ली कुणाकडे आहे?

खाली गार्ड, लिफ्टमध्ये कॅमेरा, आणि एकोणिसाव्या मजल्यावर माणूस चार दिवस तापाने फणफणतोय हे कुणाला माहीत नाही. असो.

काल संध्याकाळी फाइव्ह गार्डनला चक्कर मारून आलो. टी.टी.च्या, म्हणजे जुन्या ट्राम टर्मिनसच्या, कलकलाटातून गल्लीत वळलं की आवाज मागे राहतो आणि स्वतःच्या चपला ऐकू येतात. ट्राम 1964 मध्येच बंद झाली, पण टॅक्सीवाल्याला अजून 'दादर टी.टी.'च सांगावं लागतं. पर्जन्यवृक्षांनी पानं मिटून घेतली होती. लहानपणी तुला वाटायचं, झाडं दिवे लागायची वाट बघतात.

राजगृहावरून परतलो. बाबासाहेबांनी हे घर बांधताना पुस्तकांचा केवढा विचार केला होता हे सांगितलं, तेव्हा तू विचारलं होतंस, "मग ते झोपायचे कुठे?" सहा वर्षांचा होतास. अजून मी ते लोकांना सांगत असतो. आई म्हणते, पुरे आता.

आजोबा म्हणायचे, आपली कॉलनी आजारपणातून जन्मली. 1896 मध्ये प्लेग आला, 1898 मध्ये इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट नेमला, आणि मग इथे रुंद रस्ते, बागा, इमारतींमध्ये हवा खेळेल एवढी जागा, असं सगळं आखून झालं. त्याच मोकळ्या जागेतून समोरच्या काकूंना आपल्याकडचा खोकला ऐकू जातो. "इथे शिंकलं तरी चौकशी होते," म्हणून तू वैतागायचास. कावीळ झाली तेव्हा तुझे पिवळे डोळे आमच्याआधी त्यांनीच पाहिले. आपली किल्ली त्यांच्या दारामागच्या खिळ्याला, लाल सुतळीत. शाळेतून आलास की किल्लीबरोबर शिळ्या पोळीचा लाडू मिळायचा.

माणसाने माणसांत राहावं. शेजारी कोण आहे हे माहीत नसणं म्हणजे काही मोठेपणा नव्हे. पगार, हुद्दा… जाऊ दे. सुरू झालंच माझं भाषण, माफ कर. परक्या गावात एकट्याने सगळं निभावलंस, रक्त तपासायला स्वतः रिक्षाने गेलास. मला जमलं नसतं. पण रिक्षात चक्कर आली असती तर?

पुनर्विकासाच्या कागदावर सही केली. गणपतीत तुझ्यावर आवाज चढवायला नको होता. आईचे गुडघे तीन जिने चढत नाहीत, तुझंच बरोबर होतं. नव्या इमारतीत काकूंना आठवा मजला आणि आपल्याला अकरावा मिळणार म्हणतात. काकूंनी विचारलं, "खिळा कुठे ठोकायचा?" मी हसून वेळ मारून नेली.

पपईच्या पानांचा रस वगैरे नको, डॉक्टर सांगतील तेच घे. आणि ते लिफ्टमध्ये नमस्कार करणारे गृहस्थ तुझ्याच मजल्यावर राहतात ना? त्यांचं नाव विचारलंस का?

तुझा,
बाबा

ता. क. आईने लाडवांचे दोन डबे पाठवलेत. एक त्यांच्यासाठी आहे.