नोटीस वाचता येते, कळत नाही

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या महिन्यात आमच्या गल्लीतल्या भाजीवाल्या मावशी घरपट्टीची नोटीस घेऊन आल्या. "बाई, घर जप्त करतायत का हो माझं?" मावशी सातवी शिकलेल्या, रोज पेपर वाचणाऱ्या. नोटिशीत एकच वाक्य, ६४ शब्दांचं! 'उपरोक्त विषयान्वये', 'सदरहू मिळकतीच्या', 'विहित मुदतीत', आणि क्रियापद पार तळाशी. म्हणणं एवढंच, की नवी आकारणी पटत नसेल तर ३० दिवसांत हरकत द्या. त्यातले सहाच दिवस उरले होते.

मी ३१ वर्षं तिसरी-चौथीला शिकवलं. पोरं जोडाक्षराला अडतात. मोठी माणसं अडतात लांबलचक वाक्यात. क्रियापदापर्यंत पोचेस्तोवर कोणी काय करायचं तेच विसरतं.

मजकूर वाचायला किती सोपा ते मोजणारं, रुडॉल्फ फ्लेश या अभ्यासकाचं १९४८ चं सूत्र नातवाने मला दाखवलं. वाक्यात सरासरी शब्द किती, शब्दाचे उच्चाराचे तुकडे किती, यावरून गुण. जास्त गुण म्हणजे सोपं. आम्ही टाळ्या वाजवत तुकडे मोजले. नोटीस शून्याच्या कितीतरी खाली गेली. पण तिसरीचा धडाही जेमतेम शून्यापाशीच! सूत्र इंग्रजीसाठी बांधलेलं. आपल्याकडे 'घरासाठीसुद्धा' हा एकच शब्द, म्हणून तुकडे वाढतात आणि गुण घसरतात. शिवाय 'विहित' केवढासा शब्द, जोडाक्षरही नाही, तरी मावशींना तो ठाऊक नव्हता. 'हरकत' मात्र लगेच कळला.

म्हणून मी नोटीस पुन्हा लिहिली : "तुमची घरपट्टी वाढली आहे. वाढ पटत नसेल तर अमुक तारखेपर्यंत लेखी हरकत द्या. जुन्या पावतीची झेरॉक्स जोडा. हरकत आली नाही तर नवी रक्कम कायम होईल." मावशींना "कळलं का?" असं विचारलं नाही, त्याला सगळे हो म्हणतात. विचारलं, "उद्या सकाळी काय कराल?" म्हणाल्या, "आधी पावती शोधते."

त्यांची हरकत वेळेत गेली. माझा कागद मी संबंधित कार्यालयात दाखवला. साहेब हसून म्हणाले, "चांगलंय, पण शासकीय वाटत नाही." १९६४ च्या कायद्याने मराठी राजभाषा झाली ती मावशींसारख्यांसाठीच ना?

पुढच्या वर्षी नोटिसा छापायच्या आधी चार खातेदारांना वाचायला द्याव्यात आणि "उद्या काय कराल?" एवढंच विचारावं. बोलावलं तर मीही येईन, दुपारी तीननंतर.

– एक निवृत्त प्राथमिक शिक्षिका, जि. सातारा