आभार नको म्हणणाऱ्या मावशींना

आदरणीय मावशी,
सप्रेम सलाम.

हे पत्र चारचौघांत का लिहितो आहे, ते तुम्हाला सांगायला नको. तुमच्यावरचा चोरीचा संशय मी चर्चचा कारभार पाहणाऱ्या पंच कमिटीच्या भर बैठकीत बोलून दाखवला होता. तो खोटा ठरल्यावर मात्र इतिवृत्तात एक ओळ लिहून विषय मिटवला गेला, आणि ती ओळ चर्चमध्ये जमणाऱ्या मंडळीपुढे कोणी वाचली नाही. दोष उघडपणे लावला, तर उपकारही उघडपणे मानले पाहिजेत. तुमचे नाव लिहीत नाही, कारण ते तुम्हाला आवडणार नाही.

तेव्हा मी खजिनदार होतो. सुगीच्या सणाला लोकांनी आणलेल्या धान्याचा, कोंबड्यांचा, भोपळ्यांचा लिलाव झाला आणि दुसऱ्या दिवशी हिशेबात ११,४०० रुपये कमी भरले. चर्च झाडणे, घंटा वाजवणे, प्रभुभोजनाची, म्हणजे उपासनेत भाकर आणि द्राक्षारस वाटण्याच्या विधीची, वस्त्रे धुऊन इस्त्री करणे ही सगळी कामे तुमच्याकडे, म्हणून किल्लीही तुमच्याकडे. एवढ्यावरून मी निष्कर्ष काढला. तुम्ही काही न बोलता किल्ली टेबलावर ठेवलीत आणि निघून गेलात. तीन महिन्यांनी ते पैसे माझ्याच जुन्या नोंदवहीच्या पाकिटात सापडले. मी तुमच्या दारी आलो नाही. पुढे कित्येक वर्षे प्रभुभोजनाच्या रांगेत तुम्ही दिसलात की मी दुसऱ्या बाजूच्या रांगेत जात असे.

आईला अर्धांगवायूचा झटका आला, तेव्हा घरात मी एकटा होतो. मुलाच्या हातून अंघोळ करून घ्यायला ती शेवटपर्यंत तयार झाली नाही. पगारी बाई दोन आठवडे आली आणि थांबली. तिसऱ्या आठवड्यात सकाळी दारात तुम्ही उभ्या होता. "हिला कुशीवर कधी वळवलं होतं?" हा तुमचा पहिला प्रश्न होता, आणि त्याचे उत्तर माझ्याकडे नव्हते. त्या दिवसापासून १४ महिने तुम्ही येत राहिलात. दर दोन तासांनी कूस बदलायची, टाचेखाली मऊ घडी ठेवायची, पेज भरवताना पाठ सरळ उभी धरायची, घास गिळल्याची खात्री झाल्याशिवाय दुसरा चमचा पुढे करायचा नाही, हे सगळे तुम्ही मला करून दाखवलेत. आईच्या पाठीला एकही जखम झाली नाही. अंथरुणाला खिळलेल्या माणसाची शुश्रूषा ज्याने केली आहे त्याला या एका वाक्याची किंमत कळेल. इतरांना ती समजावून सांगणे मला जमणार नाही.

एका दुपारी तुम्ही घमेल्यात कोमट पाणी घेऊन आईचे पाय धूत होता आणि मी टॉवेल धरून उभा होतो. आज्ञा गुरुवारी, म्हणजे गुड फ्रायडेच्या आदल्या दिवशी, योहानाच्या शुभवर्तमानाचा तेरावा अध्याय मी अनेकदा मोठ्याने वाचला आहे. त्यात प्रभू येशू शिष्यांचे पाय धुतो. पण "माझे पाय तू कधीही धुणार नाहीस" असे त्याचा शिष्य पेत्र का म्हणाला, ते मला त्या दुपारी उमगले. आपण जिच्यावर अन्याय केला तिच्याकडून सेवा घेणे फार जड जाते, पैसे देऊन ती फेडून टाकावी असे वाटते. म्हणूनच महिनाअखेरीस मी पाकीट पुढे केले. तुम्ही त्यातून रिक्षाभाडे मोजून घेतलेत आणि उरलेले परत दिलेत.

क्षमा मागायला मला आणखी चार महिने लागले. तुमचे उत्तर मी विसरणार नाही: "तू मला विचारलं नाहीस, सांगितलंस. तेवढं चुकलं तुझं. बाकी मी तेव्हाच सोडून दिलं. पण रोज सोडावं लागायचं." लूकच्या शुभवर्तमानाच्या सतराव्या अध्यायात प्रभू म्हणतो की भावाने अपराध केला तर त्याला दोष दाखव, आणि त्याने पश्चात्ताप केला तर दिवसातून सात वेळाही क्षमा कर. ते सात अपराध वेगवेगळे असावेत, असे मी धरून चाललो होतो. एकच अपराध दिवसातून सात वेळा आठवतो आणि सातही वेळा सोडावा लागतो, हे तुमच्यामुळे कळले. शिष्य लगेच "आमचा विश्वास वाढवा" अशी विनंती करतात, ती कुठल्या चमत्कारासाठी नसून या आज्ञेने घाबरून केलेली आहे, असे मला आता वाटते. त्यावर प्रभू सांगतो की मोहरीच्या दाण्याएवढा विश्वास असला तरी तुतीचे झाड तुमच्या शब्दाने मुळासकट उपटले जाईल. विश्वास वाढवून मिळत नाही. आहे तेवढ्यावरच कामाला लागायचे असते.

तुमच्या आजीची गोष्ट तुम्ही आईला सांगत होता, ती मी स्वयंपाकघरातून ऐकली. १८९६-९७ च्या दुष्काळात पंडिता रमाबाईंनी मध्य प्रांतातून केडगावला आणलेल्या मुलींपैकी ती एक. (नगरलगतचे केडगाव नव्हे, दौंडकडचे.) रमाबाईंनी मूळ हिब्रू आणि ग्रीकवरून मराठी बायबल केले, तिथल्या त्यांच्या मुक्ती या आश्रमाच्या छापखान्यात बायकामुलींनीच छपाईचे खिळे जुळवले, आणि संपूर्ण ग्रंथ १९२४ मध्ये, म्हणजे रमाबाई गेल्यानंतर दोन वर्षांनी, बाहेर आला. "खिळे जुळवणाऱ्या पोरींची नावं त्यात छापली आहेत का? तरी वाचता येतंच ना," असे तुम्ही म्हणालात आणि आईच्या तोंडाची शाबूत बाजू हसली. आमच्या सभांमधून 'सेवा' हा शब्द फार सैलपणे वापरला जातो, मीही वापरला आहे. व्यासपीठावर शाल घेणाऱ्यांत तुम्ही मला कधीच दिसला नाहीत.

आईच्या दफनानंतर मी आभार मानू लागलो तेव्हा तुम्ही मला लूकच्या त्याच सतराव्या अध्यायावर गप्प केलेत. सांगितलेले काम केले म्हणून धनी दासाचे आभार मानतो का, असे प्रभूनेच विचारले आहे. "आम्ही निरुपयोगी दास आहोत, आम्ही आमचे कर्तव्य केले आहे" एवढेच म्हणायचे आणि घरी जायचे. त्या दिवशी मला उत्तर सुचले नाही. घरी येऊन पुढे वाचले. मावशी, तुम्ही दहाव्या वचनावर थांबलात. अकराव्यापासून दहा कुष्ठरोग्यांची हकिगत सुरू होते. दहाही शुद्ध होतात आणि आभार मानायला एकटा शोमरोनी, म्हणजे परका मानला गेलेला, मागे फिरतो. "मग नऊ जण कोठे आहेत?" असे प्रभू विचारतो. दासाने आभारांची वाट पाहू नये, हे तुमच्यासाठी लिहिले आहे. परत फिरावे, हे माझ्यासाठी लिहिले आहे. मी त्या नऊ जणांत बरीच वर्षे होतो.

म्हणून तुमची परवानगी न घेता आभार मानतो: आईच्या पाठीबद्दल, तिच्या कापलेल्या नखांबद्दल, मला दाखवलेल्या चुकीबद्दल, आणि रोज सोडून दिलेल्या त्या ११,४०० रुपयांच्या हिशेबाबद्दल.

कमिटीने किल्ली तुम्हाला परत दिली आहे, हे परवा समजले. येत्या आज्ञा गुरुवारी उपासनेआधी चर्च झाडायला मी येणार आहे. केरसुणी कुठे ठेवता, तेवढे सांगून ठेवा.

तुमचा,
पूर्वीचा खजिनदार