इंजिन नंबरची पहिली चार अक्षरे

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

मुंबईत कुठल्याही गॅरेजवर गाडी उभी राहिली की पहिला प्रश्न येतो, "कुठलं मॉडेल?" उत्तर मिळते, "वॅगन आर." लगेच ऑइलचा डबा फुटतो, फिल्टर मागवला जातो आणि काम सुरू होते. बॉनेटखाली नेमके कुठले इंजिन आहे हे ना मालक सांगतो, ना कोणी विचारतो. वर्तमानपत्रांतल्या मोटारींच्या पुरवण्याही सीसी, ताकद आणि अॅव्हरेज एवढ्यावरच थांबतात. मारुती सुझुकीच्या गाड्या या शहरात सर्वत्र असताना त्या इंजिनांची साधी ओळख वाचकांना असू नये, याचे वाईट वाटते. त्यातून होणारे नुकसान मालकाच्या खिशातून जाते, म्हणून हे पत्र.

वॅगन आरच घ्या. पद्मिनी गेल्यावर काळ्या-पिवळ्या टॅक्सीत तिची जागा घेणाऱ्या गाड्यांत ही अगदी पुढे. १९९९च्या अखेरीस ती आली तेव्हा तिच्यात १,०६१ सीसीचे, चार सिलिंडरचे, टायमिंग बेल्टवर (पिस्टन आणि व्हॉल्व्ह यांचा मेळ राखणाऱ्या पट्ट्यावर) चालणारे एफ१०डी इंजिन होते. २०१० मध्ये त्याच नावाची गाडी ९९८ सीसीच्या, तीन सिलिंडरच्या के१०बी इंजिनासह आली आणि बेल्ट जाऊन चेन आली. २०१९ मध्ये गाडी रुंद झाली, तेव्हा के१०बीच्या जोडीला १,१९७ सीसीचे के१२एम मिळू लागले. २०२२ पासून के१०सी आणि के१२एन. पाट्यांवर नाव एकच, इंजिने पाच.

कोणते हे ओळखायला बॉनेट उघडायचीही गरज नाही. आरसीवर इंजिन नंबर छापलेला असतो आणि मारुतीच्या गाड्यांत त्याची सुरुवातच इंजिनाच्या कोडने होते : के१०बी, के१२एम, डी१३ए, झेड१२ई. ऑल्टोच्या आठशे सीसीच्या इंजिनात तो एफ८डी, म्हणजे एक अक्षर कमी. पहिले अक्षर मालिकेचे, मधला आकडा क्षमतेचा (१२ म्हणजे १.२ लिटर) आणि शेवटचे अक्षर आवृत्तीचे. घोळ होतो तो या शेवटच्या अक्षरावर, कारण आरसीवरचा सीसीचा आकडा तेवढ्याने बदलत नाही.

१,१९७ सीसी हा आकडा आज तीन वेगळ्या इंजिनांचा आहे. के१२एम चार सिलिंडरचे, बोअर (सिलिंडरचा व्यास) ७३ मिमी, स्ट्रोक (पिस्टनची चाल) ७१.५ मिमी. के१२एनचे बोअर-स्ट्रोक तेच, पण ते ड्युअलजेट : प्रत्येक सिलिंडरला पेट्रोल फवारणारे दोन इंजेक्टर, म्हणजे चाराच्या जागी आठ. आणि २०२४च्या मे महिन्यात नव्या स्विफ्टबरोबर आलेले झेड१२ई हे तीन सिलिंडरचे, बोअर ७४ आणि स्ट्रोक ९२.८ मिमी. सिलिंडरचे क्षेत्रफळ, स्ट्रोक आणि सिलिंडरांची संख्या यांचा गुणाकार केला तर तिन्हींचे उत्तर १,१९७च येते. ९९८चेही तेच. जुन्या ऑल्टो के१० मधले के१०बी आणि २०२२च्या ऑल्टो के१० मधले के१०सी ही दोन निराळी इंजिने आहेत. त्याच ९९८ सीसीचे टर्बो इंजिन फ्रॉन्क्समध्ये आहे, आणि त्यात पेट्रोल थेट सिलिंडरमध्ये फवारले जाते.

हा १,१९७चा आकडा आला करातून. २००६च्या अर्थसंकल्पात चार मीटरपेक्षा कमी लांबीच्या आणि १,२०० सीसीच्या आतल्या पेट्रोल गाड्यांचा अबकारी कर २४ टक्क्यांवरून १६ टक्क्यांवर आला. स्विफ्टमध्ये तेव्हा १,२९८ सीसीचे जी१३बीबी होते. कंपनीने पुढे १,१९७चे के१२एम आणले आणि २०१० मध्ये ते स्विफ्टमध्ये बसवले. ती रेघ अजून तशीच आहे. २२ सप्टेंबर २०२५ पासून त्या मर्यादेतल्या पेट्रोल गाडीला १८ टक्के जीएसटी, बाहेरच्या गाडीला ४० टक्के. ब्रेझा लांबीने चार मीटरच्या आत असूनही तिचे के१५सी इंजिन १,४६२ सीसीचे, म्हणून तिला ४० टक्के.

आता ऑइलकडे येतो, कारण सगळ्यात जास्त नुकसान तिथेच होते. के१०सी, के१२एन, के१५सी या नव्या इंजिनांना कंपनी ०डब्ल्यू-१६ इतके पातळ ऑइल सांगते (आकडे लहान तितके ऑइल पातळ). के१२एमला ०डब्ल्यू-२० किंवा ५डब्ल्यू-३० चालते. रस्त्याकडेच्या गॅरेजमध्ये मात्र एकाच बॅरलमधले २०डब्ल्यू-४० सगळ्यांना मिळते, आणि "आपल्याकडे उकाडा, जाड ऑइल बरं" असे वर समजावलेही जाते. ते खरे नाही. या इंजिनांत बेअरिंगच्या फटी आणि ऑइलच्या वाटा पातळ ऑइल धरून आखलेल्या असतात. व्हीव्हीटीची, म्हणजे व्हॉल्व्ह उघडायची वेळ बदलणारी, यंत्रणाही ऑइलच्या दाबावरच कॅमशाफ्ट (व्हॉल्व्ह उघडणारा दांडा) पुढे-मागे करते. जाड ऑइल सकाळच्या पहिल्या स्टार्टला वरपर्यंत उशिरा पोचते आणि तेवढा वेळ कॅम, टॅपेट (कॅम आणि व्हॉल्व्ह यांच्यामधला भाग), चेन कोरडे घासतात.

टायमिंग चेन "आयुष्यभराची" हा समज असाच महागात पडतो. चेन तुटत नाही सहसा, पण तिच्या पिना झिजून ती लांब होते. तिचा ताण राखणारा टेन्शनर ऑइलच्या दाबावर चालतो. ऑइल काळे, गाळाचे झाले की टेन्शनरचे बारीक भोक चोंदते. रात्रभर उभी गाडी सकाळी चालू केली की दोन-तीन सेकंद साखळी फरफटल्यासारखा करकर आवाज येतो आणि मग थांबतो. थांबला म्हणून सोडून देऊ नका. पुढची पायरी म्हणजे मीटरवर चेक इंजिनचा दिवा आणि स्कॅनरवर पी००१६ हा कोड : क्रँक (पिस्टनने फिरणारा दांडा) आणि कॅम यांचा मेळ चुकल्याची खूण. सेन्सर बदलून हा कोड बहुधा जात नाही. आधी ऑइलची पातळी आणि दाब, मग व्हीव्हीटीच्या ऑइल कंट्रोल व्हॉल्व्हची जाळी, आणि मग चेन, गाइड (चेन जिच्यावरून सरकते ती पट्टी), टेन्शनर असा क्रम ठेवावा. चेन बदलताना गाइड आणि टेन्शनर जुनेच ठेवले तर काही महिन्यांत तोच आवाज परत येतो.

सर्व्हिसचा हिशेब आपल्याकडे किलोमीटरवर होतो, आणि मुंबईत तो फसवतो. साकीनाका ते घाटकोपर किंवा लालबहादूर शास्त्री मार्गावर गाडी ताशी १५ किमीने सरकत असेल, तर १०,००० किमीला इंजिन सुमारे ६६७ तास चालते. महामार्गावर ताशी ५०ने तेच अंतर २०० तासांत होते. मीटर दोघांचे सारखे, पण ऑइल भाजले जाते तिपटीहून जास्त. शहरातच फिरणाऱ्या गाडीचे ऑइल ७,५०० किमीला किंवा सहा महिन्यांनी, जे आधी होईल तेव्हा, बदलावे असे माझे ठाम मत आहे. के१२एमला लागते ते सुमारे ३ लिटर. एका चेनच्या कामापुढे तो खर्च काहीच नाही.

एफ८डी, एफ१०डी किंवा जी१३बीबी असलेली जुनी गाडी अजून दारात असेल तर तिथे बेल्ट आहे, आणि बेल्ट आवाज न करता तुटतो. शेवटचा कधी बदलला याचे बिल नसेल तर तो जुनाच आहे असे धरून चाला. बदलताना टेन्शनर बेअरिंग सोबत बदला आणि वॉटर पंप गळतो का तेही तेव्हाच बघा.

सीएनजीवाल्यांनी टॅपेटकडे लक्ष द्यावे. गॅस कोरडा असतो, व्हॉल्व्हच्या सीटला पेट्रोलसारखा ओलावा देत नाही. सीट हळूहळू खचते, व्हॉल्व्ह वर सरकतो आणि टॅपेटची फट कमी होते. फट संपली की व्हॉल्व्ह पूर्ण बसत नाही, कॉम्प्रेशन गळते, गाडी सकाळी उशिरा घेते आणि सिग्नलला मिस मारते. मग प्लग, कॉइल, इंजेक्टर बदलत बसतात. जुन्या एफ आणि जी इंजिनांत रॉकरवरचा स्क्रू फिरवून, फीलर गेज लावून टॅपेट अर्ध्या तासात सेट होतात. के मालिकेत स्क्रूच नाही. तिथे फट मोजून, योग्य जाडीची टॅपेटची वाटी घालावी लागते आणि त्यासाठी कॅमशाफ्ट उचलावे लागते. "के१०बीचे टॅपेट सेट केले, तीनशे रुपये" असे कोणी सांगितले तर काय केले ते जरूर विचारा. सीएनजीच्या सिलिंडरची हायड्रो टेस्ट (पाण्याच्या दाबाने तपासणी) दर तीन वर्षांनी, हे वेगळे सांगायला नको.

डिझेलवाल्यांसाठी थोडे. डी१३ए हे १,२४८ सीसीचे इंजिन मूळ फियाटचे. फियाटमध्ये ते मल्टिजेट, टाटांच्या इंडिका व्हिस्टात क्वाड्राजेट, मारुतीत डीडीआयएस. घराणे एक असले तरी ७५ आणि ९० अश्वशक्तीच्या आवृत्त्यांचे टर्बो वेगळे आहेत. मारुतीने एप्रिल २०२० मध्ये डिझेल बंद केले, त्यामुळे आता सुट्या भागांसाठी कुर्ल्याच्या सीएसटी रोडची वाट धरली जाते. तिथून वापरलेले इंजिन घेताना कोड पुढच्या-मागच्या सगळ्या अक्षरांसह जुळवा. के१२एमच्या जागी के१२एन बसवायला गेलात तर माउंटिंग कदाचित जमेल, पण आठ इंजेक्टरांसाठी ना वायरिंग जुळेल, ना ईसीएम (इंजिनाचा संगणक). नंबर घासलेला दिसला तर तिथून उठा. इंजिन बदलल्यावर आरटीओत नोंद करून आरसीवर नवा नंबर चढवून घ्या, नाहीतर विम्याचा दावा आणि गाडीची विक्री दोन्ही अडतात.

आपल्या वृत्तपत्राला एक विनंती. जुन्या गाड्यांच्या छोट्या जाहिरातींत वर्ष, रंग आणि "फर्स्ट ओनर" यांच्या शेजारी इंजिनाचा कोडही छापावा. चार अक्षरांनी जाहिरातीची एक ओळसुद्धा वाढणार नाही. आणि कंपनीने बॉनेटच्या आतल्या बाजूला इंजिनाचा कोड, ऑइलचा ग्रेड आणि लिटर एवढे तीनच तपशील मराठीत, मोठ्या अक्षरांत चिकटवावेत. मॅन्युअल कपाटात असते. ऑइल ओतणाऱ्याच्या डोळ्यांपुढे बॉनेट असते.

आपला,
एक मोटार मेकॅनिक,
परळ, मुंबई