'प्लॉट' या मथळ्याखाली छापलेले घर

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या रविवारी आपल्या दैनिकाच्या छोट्या जाहिरातींत 'प्लॉट' या मथळ्याखाली एक ओळ होती : 'इतवारी, २१०० चौ. फूट, जुन्या बांधकामासह, विकणे.' ती जाहिरात माझी. मी लिहून नेले होते, 'दोन बिऱ्हाडांचे जुने घर विकणे.' जाहिरात घेणारा मुलगा म्हणाला, "काकू, जुन्या घरांसाठी मथळाच नाही. प्लॉट लिहिले की फोन येतात." फोन आले खरे, दोन दिवसांत १७. चौदा जणांनी फुटाचा भाव विचारला, दोघांनी समोरचा रस्ता किती रुंद आणि वर किती मजले चढतील ते विचारले. एकाने खोल्या किती म्हणून विचारले, पण गल्लीत चारचाकी येत नाही हे ऐकून तोही थांबला. त्या एका ओळीत जे मावले नाही ते इथे लिहिते.

घर नागपूरच्या इतवारीतले, १९३४ चे. एकच लांब ओटा, त्यावर दोन दारे, मधे दीड फूट जाडीची सामाईक भिंत. आमच्या दारावरच्या दगडात कोरले आहे 'अक्षय तृतीया, शके १८५६'. शेजारच्या दारावर आहे 'अक्षय तृतीया, वीर निर्वाण संवत २४६०'. दिवस एकच. आम्ही कोष्टी, शेजारचे बाबूजी परवार जैन. त्यांच्या वडिलांचे एम्प्रेस मिलच्या सुताचे दुकान होते आणि माझे आजोबा त्यांच्याकडून उधारीवर सूत घेऊन लुगडी विणवून घ्यायचे. पुढे दोघांनी मिळून जागा घेतली. सागवानी खांब, वर कवेलू म्हणजे कौले, मागे सांदवाडी म्हणजे परसू आणि सांदवाडीत एक विहीर, दोन्ही बाजूंनी पाणी ओढता येईल अशी.

आता कोणी विचारेल, रविवारी सावजी मटण शिजवणारे घर आणि कांदा-लसूण न खाणारे घर एका भिंतीला कसे टिकले? मटणाची चूल सांदवाडीच्या पार टोकाला होती, अजून आहे. जैनांच्या दशलक्षण पर्वाच्या दहा दिवसांत ती हंडी फळीवरून खाली उतरत नसे. असा नियम कोणी घातल्याचे मला आठवत नाही, माझी आजी तसे करायची म्हणून आईनेही केले. दोन्ही स्वयंपाकघरांच्या मधल्या भिंतीत हातभर खिडकी आहे. तिच्यातून आमच्या पुरणपोळ्या तिकडे जायच्या आणि होळीला त्यांची गुजिया इकडे यायची. ते सूर्य मावळण्याआधी जेवत. त्यांची ताटे वाजली की आई कंदिलाच्या काचा पुसायला घेई. मुलांच्या तान्ह्या पोळ्याला दोन्ही घरांचे लाकडी बैल ओट्यावर एका ओळीत उभे राहत, आणि नेहरू पुतळ्याजवळ मिरवणुकीतल्या काळी आणि पिवळी मारबत या पुतळ्यांची भेट बघायला आम्ही पोरे एकमेकांचा हात धरून पळायचो. गर्दीत हरवलो तर लोहाओळीतले बोहरा चाचा आम्हाला दुकानाच्या फळीवर बसवून ठेवत. पोर कोणत्या दाराचे हे त्यांना चेहऱ्यावरून कळे.

घराचे दोषही सांगते, नंतर कोणी फसवले म्हणू नये. पश्चिमेच्या कोपऱ्यात पाणी गळते. माडीच्या दोन तुळयांना उधई (वाळवी) लागली आहे. १९८८ मध्ये आम्ही दक्षिणेच्या भिंतीला सिमेंटचा गिलावा केला, ती मोठी चूक झाली. चुन्याच्या भिंतीतली ओल बाहेर पडत राहते, सिमेंटखाली ती कोंडते. तीन पावसाळ्यांत भिंत फुगली, खालून लोणा (खार) धरला. मग एका म्हाताऱ्या मिस्त्रीने तो सगळा गिलावा खरवडून पुन्हा चुन्यात काम केले. त्या भिंतीला आजतागायत काही झालेले नाही. मे महिन्यात बाहेर ४५ अंश असते तेव्हाही खालच्या खोलीत दुपारी पंख्यावर भागते, कारण भिंतींच्या जाडीतून ऊन आत पोचेपर्यंत संध्याकाळ होते. गेल्या वर्षी एका इंजिनिअरला घर दाखवले. त्याने एकही खांब ठोकून पाहिला नाही, दारातूनच म्हणाला, "पाडून टाका."

झिरो माइल, कस्तुरचंद पार्क, उच्च न्यायालयाची इमारत वारसा यादीत आहेत आणि असायलाच हव्यात. आमच्यासारखे घर त्या यादीत येत नाही. पण यादीबाहेरच्या घराच्या मालकाला चुन्याचे काम जाणणारा मिस्त्री कुठे मिळेल, तुळई बदलायची की नुसता तुकडा जोडायचा, एवढे सांगणारे एक टेबल महापालिकेत असावे, ही माझी मागणी आहे. आपणही छोट्या जाहिरातींत 'जुनी घरे' असा मथळा सुरू करावा. माझ्या गल्लीतच आणखी तीन घरे विकायची आहेत आणि तिन्ही 'प्लॉट' म्हणूनच जातील.

मी ६९ वर्षांची आहे. माडीचा जिना मला चढवत नाही. बाबूजींची बाजू तीन वर्षांपासून कुलूपबंद आहे, मुले रायपूरला असतात. आखीव पत्रिकेवर, म्हणजे जागेच्या मालकीच्या उताऱ्यावर, दोन्ही घरांची नावे एकत्र आहेत आणि वारस मिळून ११. अर्धे-अर्धे विकायचे म्हटले तर विहीर कोणाच्या वाट्याला टाकायची? एका बिल्डरचा आकडा आला आहे. तो मोठा आहे आणि नाही म्हणणे बाकीच्यांना जड जाते, हे मला समजते. बाकीच्या वारसांनी मला दिवाळीपर्यंत मुदत दिली आहे. तोवर राहायला येणारी दोन कुटुंबे मिळाली, सख्खे भाऊ असोत, मैत्रिणी असोत, कोणत्याही जातीधर्माचे असोत, तर त्यांना बिल्डरपेक्षा कमी भावात द्यायला मी आणि बाबूजींची रायपूरची मुले तयार आहोत. बाकीच्यांची समजूत घालणे माझ्याकडे लागले.

घर बघायला सकाळी ११ च्या आत यावे. तेव्हा दोन्ही दारांवर ऊन असते आणि वरची अक्षरे नीट वाचता येतात.

आपली,
एक निवृत्त शिक्षिका
इतवारी, नागपूर