आई-बाबा, शनिवारी विस्कॉन्सिनशी मॅच आहे

लिंकन, नेब्रास्का
२१ नोव्हेंबर २०२४

ती. बाबा आणि आई,
सा. न.

बाबा, तुम्ही परवा फोनवर विचारलंत, सलग चार मॅच हरलेल्या नेब्रास्का कॉलेजच्या अमेरिकन फुटबॉल टीमकडनं आता तुम्ही लोक कसली अपेक्षा धरून बसलाय? मी सांगायला लागलो तर आईनं मधेच जेवणाचा विषय काढला आणि ते तसंच राहिलं. म्हणून आज सावकाश टाइप करतोय. लांबणार आहे, टॅबवर अक्षर मोठं करून वाचा आणि आईलाही वाचून दाखवा.

अपेक्षा एकच आहे, सहावी मॅच जिंकायची. इथं कॉलेजची टीम सीझनमध्ये १२ मॅच खेळते आणि त्यातल्या ६ जिंकल्या की सीझन संपल्यावर अजून एक मॅच मिळते, तिला बाऊल म्हणतात. आमच्या १० झाल्यात, ५ जिंकल्या ५ हरल्या. उरल्या दोन. परवा शनिवारी घरच्या मैदानावर विस्कॉन्सिन, आणि पुढच्या शुक्रवारी आयोवाला जाऊन आयोवाशी. दोन्हीतली एक घेतली की काम झालं. पण आयोवाची मॅच त्यांच्या गावात आहे, त्यामुळं इथं प्रत्येकजण म्हणतोय की शनिवारीच काय ते होऊन जाऊ दे.

आणि हे एवढंसं का मागतोय तर आम्ही बाऊल शेवटचा खेळलो तो २०१६ च्या सीझनमध्ये. त्यानंतर सात सीझन कोरडे गेले. गेल्या वर्षीही अगदी असंच झालं होतं. पाच जिंकून झाल्या होत्या, राहिलेल्या चारातली फक्त एक पाहिजे होती, चारही गेल्या, त्यातल्या तीन फक्त ३ गुणांनी, आणि उरलेली एक ह्याच विस्कॉन्सिनविरुद्ध जादा वेळात. यंदा पहिल्या सहात पाच जिंकलो, म्हटलं आता सुटलो. तिथनं परत चार हरलो. म्हणजे दोन सीझन मिळून सहाव्या विजयासाठी आठ वेळा मैदानात उतरलो आणि आठही वेळा हात हलवत परत आलो. इंडियानानं तर ५६-७ असं धुतलं, ती मॅच मी शेवटपर्यंत बघितली पण नंतर जेवलो नाही. पण पुढच्याच आठवड्यात ओहायो स्टेटसारख्या तगड्या टीमशी त्यांच्या मैदानावर २१-१७, शेवटपर्यंत मॅचमध्ये होतो. मग यूसीएलए २७-२०, यूएससी २८-२०. एकच टीम एका आठवड्यात अशी आणि दुसऱ्या आठवड्यात तशी खेळते, म्हणून तर आशा सुटत नाही.

बाबा, तुम्हाला ही गोष्ट कळेल कारण तुमची अर्धी जवानी कोल्हापूरच्या शाहू स्टेडियमच्या पायऱ्यांवर गेली. पाटाकडील तालीम आणि शिवाजी तरुणची फुटबॉल मॅच असली की पेठेत काय वातावरण असायचं ते मी लहानपणी बघितलंय, हरल्यावर तुम्ही घरी येऊन कुणाशी बोलायचा नाही आणि पुढच्या मॅचला परत सगळ्यांच्या आधी तयार. इथला खेळ वेगळा आहे हे तुम्हाला माहितीय, हेल्मेट घालून, बॉल हातात धरून पळायचं किंवा फेकायचा, चार प्रयत्नांत १० यार्ड पुढं सरकलं तर परत चार प्रयत्न मिळतात, नाहीतर बॉल समोरच्याकडं. पण माणसं तीच बघा. फरक एवढाच की इथं तालमी-तालमींत वाटणी नाही, आख्ख्या राज्याची एकच तालीम. वीस लाखाच्या आतबाहेर लोकवस्ती, बाकी सगळी मक्याची आणि सोयाबीनची शेतं, एकही मोठी व्यावसायिक टीम नाही, ना फुटबॉलची ना बास्केटबॉलची ना बेसबॉलची. त्यामुळं शेतकऱ्यापासनं डॉक्टरपर्यंत सगळ्यांचा जीव ह्या एका कॉलेज टीममध्ये. मॅचच्या दिवशी मेमोरियल स्टेडियममध्ये ८५ हजारांच्या वर माणूस असतं. ओमाहा आणि लिंकन ही दोन शहरं सोडली तर राज्यात एवढ्या वस्तीचं गावच नाही.

आणि हे स्टेडियम ३ नोव्हेंबर १९६२ पासनं प्रत्येक मॅचला फुल्ल आहे. कोरोनाच्या २०२० मध्ये प्रेक्षकच नव्हते, ते सोडलं तर प्रत्येक. यंदा ४०० चा आकडा पार झाला. बाबा, १९६२! तेव्हापासनं चांगले दिवस आले, वाईट आले, बर्फ पडला, टीम वर्षात ३ मॅच जिंकली, तिकिटं संपतातच. सीझन तिकीट इथं वडिलोपार्जित जमिनीसारखं पुढच्या पिढीकडं जातं. माझ्या ऑफिसमधल्या एक बाई आहेत त्यांच्या आजोबांनी घेतलेल्या जागा, आता त्या आणि त्यांचा मुलगा बसतात, शनिवारी मलाही त्यांच्यातलंच एक तिकीट मिळालंय.

आता कुणी म्हणेल की ह्या लोकांच्या अपेक्षांनीच टीमचं वाटोळं केलं. इथं बरेच जण म्हणतात आणि त्यात थोडं खरंही आहे. पाच राष्ट्रीय विजेतेपदं आहेत ह्या टीमची, १९७०, १९७१, १९९४, १९९५ आणि १९९७. टॉम ऑस्बोर्न म्हणून कोच होते, १९७३ ते १९९७ अशी २५ वर्षं, २५५ मॅच जिंकले आणि फक्त ४९ हरले, नंतर लोकांनी त्यांना खासदार म्हणून वॉशिंग्टनला पाठवलं. बाबा त्यांची एक गोष्ट तुम्हाला आवडेल. १९८४ सालच्या जानेवारीत मायामीविरुद्ध शेवटच्या मिनिटाला ते एका गुणानं मागं होते, सोपी किक मारून बरोबरी केली असती तर विजेतेपद जवळजवळ हातात होतं, पण त्यांनी जिंकण्यासाठी दोन गुणांचा डाव टाकला, पास अडला आणि ३१-३० नं हरले. चाळीस वर्षं झाली, अजून इथं म्हातारी माणसं तो निर्णय अभिमानानं सांगतात. मला ते ऐकून लै भारी वाटलं होतं.

तर असे दिवस बघितलेल्या लोकांनी २००३ मध्ये काय केलं, ऑस्बोर्ननंतरच्या फ्रँक सोलिचना काढलं, आणि त्या वर्षी टीम ९ जिंकून ३ हरली होती! कॉलेजचं म्हणणं आलं की आपण सामान्य व्हायला नको. त्यानंतर कोच आले आणि गेले. बो पेलिनी दरवर्षी ९ तरी जिंकायचे, त्यांनाही काढलं. मग स्कॉट फ्रॉस्ट आले, इथलाच पोरगा, १९९७ च्या विजेत्या टीमचा क्वार्टरबॅक, म्हणजे डाव चालवणारा, बॉल फेकणारा मुख्य खेळाडू. गावाला वाटलं घरचा माणूस आला आता सगळं ठीक होणार. १६ जिंकले ३१ हरले. २०२१ मध्ये तर १२ पैकी ९ हरलो आणि त्या नवाच्या नऊ मॅच ९ किंवा त्याहून कमी गुणांनी. असं हरायला फार सोसावं लागतं बाबा, एकतर्फी हरणं परवडलं.

माझं मत सांगू का, २००३ ची अपेक्षा हावरी होती. ९ मॅच जिंकणाऱ्याला घरी पाठवायचं म्हणजे अतीच. पण आजच्या अपेक्षेला कुणी हावरी म्हणू नये. १२ पैकी ६. आणि जी पोरं दुसऱ्या-तिसऱ्या क्वार्टरपर्यंत मोठमोठ्या टीमच्या बरोबरीनं खेळतात त्यांनी शेवटच्या ५ मिनिटांत बॉल सांभाळावा, उगाच पेनल्टी देऊ नये, एवढं मागणं. "अपेक्षा कमी ठेवा म्हणजे त्रास होत नाही" असं परवा मॅनेजर म्हणाला मला, मला ते पटलं नाही. अपेक्षाच ठेवायची नसेल तर थंडीत जाऊन बसायचं कशाला, घरी झोपावं.

कोच आता मॅट रूल आहेत, दुसरं वर्ष त्यांचं. लोक त्यांच्यावर अजून विश्वास ठेवून आहेत त्याला कारण आहे. आधी टेम्पल कॉलेजला गेले तेव्हा पहिल्या वर्षी २ जिंकल्या, दुसऱ्या वर्षी ६, तिसऱ्या वर्षी १०. मग बेलर, पहिल्या वर्षी १, दुसऱ्या वर्षी ७, तिसऱ्या वर्षी ११. इथं पहिल्या वर्षी ५ झाल्या. म्हणून दुसऱ्या वर्षी निदान सहा, हा हिशोब प्रत्येकाच्या तोंडपाठ आहे. आता सलग तीन मॅच हरल्यावर त्यांनी मोठा बदल केला, ऑफेन्सचे म्हणजे चढाईचे डाव ठरवायचं काम एका कोचकडनं काढून डेना होल्गरसन नावाच्या अनुभवी माणसाकडं दिलं. तेही सीझनच्या मधेच. यूएससीविरुद्ध त्यांची पहिलीच मॅच होती, हरलो खरे पण बॉल लवकर सुटत होता, क्वार्टरबॅकच्या अंगावर पडणारी माणसं कमी झाली असं मला तरी वाटलं. शनिवारी त्यांच्या हाताखालची दुसरी मॅच.

क्वार्टरबॅक म्हणजे डिलन रायोला, कॉलेजचं पहिलंच वर्ष. त्याचे वडील इथंच खेळलेले आणि काका टीमच्या ऑफेन्सिव्ह लाइनचे, म्हणजे क्वार्टरबॅकला वाचवणाऱ्या पुढच्या फळीचे कोच आहेत. म्हणजे घरातनंच आलेला पोरगा, देशभरातल्या मोठ्या कॉलेजांनी मागितलेला, आणि आला नेब्रास्काला. एवढ्या लहान पोराच्या खांद्यावर आख्ख्या राज्याचं ओझं टाकलंय हे मला कधी कधी बरं वाटत नाही. चुकतो तो, बॉल समोरच्याच्या हातात देतो, पण घाबरून खेळत नाही. शनिवारी त्यानं बॉल जपला तर आम्ही जिंकतो असं माझं म्हणणं आहे, बाकी डिफेन्स बघून घेईल.

डिफेन्समधली दोन नावं सांगतो. टाय रॉबिन्सन २०१९ ला कॉलेजला आला, अजून आहे, सहावं वर्ष. आणि नॅश हटमाकर, हा शाळेत असताना साउथ डकोटा राज्याचा चॅम्पियन पैलवान, तुम्हाला बघून आवडेल असा गडी, मधे उभा राहिला की समोरच्या दोघा-दोघांना त्याला रेटावं लागतं. ह्या दोघांनी इतकी वर्षं घाम गाळला आणि एकदाही बाऊल खेळलेले नाहीत. शनिवारची मॅच म्हणजे ह्या सीनियर पोरांची घरच्या मैदानावरची शेवटची, खेळ सुरू व्हायच्या आधी आई-वडिलांना मैदानात बोलावून त्यांचा मान करतात. मला ह्या पोरांसाठीच जास्त वाटतंय. कोच पुढच्या वर्षीही असेल, रायोलाला अजून वर्षं आहेत, पण ह्यांना परत संधी नाही.

विस्कॉन्सिनशी आम्ही ओळीनं १० मॅच हरलोय, शेवटचं जिंकलो २०१२ मध्ये. त्याच सीझनला आमच्या गटाच्या फायनलमध्ये त्यांनी ७०-३१ नं हरवून परतफेड केली होती. दोन वर्षांपूर्वी इथंच १५-१४. पण यंदा त्यांचंही खरं नाही. तेही ५-५ वर आहेत, सलग तीन हरलेत, आणि गेल्या शनिवारी पहिल्या नंबरच्या ओरेगनला १६-१३ पर्यंत झुंजवूनही हरल्यावर दुसऱ्या दिवशी त्यांनी स्वतःच्या ऑफेन्सच्या कोचलाच काढून टाकलं. २००२ पासनं ते दरवर्षी बाऊलला जातायत, ती साखळी तुटायची भीती त्यांना आहे. म्हणजे दोघंही अडलेले. अशा मॅचमध्ये जो आधी गडबडेल तो गेला.

एक मात्र मला इथलं फार आवडतं. मॅच संपल्यावर समोरची टीम आत जायला लागली की इथली माणसं उभं राहून त्यांना टाळ्या देतात, जिंकलो तरी आणि हरलो तरी. परक्या गावच्या पोरांना! मी पहिल्यांदा बघितलं तेव्हा माझा विश्वास बसेना. शाहू स्टेडियमवर हे कधी दिसलं तर मला फोटो पाठवा बाबा.

आई, तुझं टेन्शन मला माहितीय. थर्मल, त्यावर स्वेटर, त्यावर जाड जॅकेट, कानटोपी, दोन मोजे, सगळं घालून जाणार आहे. तिथं गरम रन्झा मिळतो, पावात खिमा आणि कोबी भरलेला असतो, पोट भरतं. ऑफिसमधल्या बाईंनी जास्तीचं ब्लँकेटही आणते म्हणून सांगितलंय. तू तुझ्या गुडघ्याचं बघ, डॉक्टरनी सांगितलेले व्यायाम चालू आहेत का ते बाबांनी मला खरं खरं कळवायचं.

आणि हो, शनिवारी तुमच्याकडं विधानसभेची मतमोजणी. तुम्ही दोघं काल सकाळीच जाऊन मतदान करून आलात ते बरं केलंत, शाईच्या बोटाचा फोटो मिळाला. तुमचा निकाल शनिवारी दुपारपर्यंत कळेल, आमची मॅच सुरू होईल तेव्हा तुमच्याकडं मध्यरात्र उलटून गेलेली असेल. बाबा, जागत बसू नका, बीपीची गोळी घेऊन वेळेवर झोपा. रविवारी सकाळी उठल्यावर व्हॉट्सॲप बघा. जिंकलो तर स्टेडियममधनंच व्हिडिओ टाकेन, तेव्हा आवाज आधी कमी करून ठेवा. हरलो तर मी एक दिवस फोन करणार नाही, सोमवारी करेन, त्यात काळजीचं काही नाही, तुम्ही तेच करायचात.

पण मला वाटतंय जिंकू.

तुमचाच,
बाळ्या