सूचना : शनिवारची बैठक आणि चॅपल कारची गोष्ट

सभासदहो, नमस्कार.

येत्या शनिवारी संध्याकाळी साडेपाचला, नेहमीच्या जागी लेखनगटाची बैठक आहे. विषय ठरलाय तोच : अमेरिकेत रुळांवरून फिरणाऱ्या चर्चमधली ऐतिहासिक प्रेमकथा. प्रत्येकाने एकच प्रसंग आणायचा, दोन पानांत. (गेल्या खेपेला एका कथेपायी सगळ्यांचा चहा गार झाला. नाव घेत नाही.)

‘चॅपल कार म्हणजे नेमकं काय?’ असं तिघांनी विचारलं, म्हणून थोडं सांगते : चर्च म्हणून वापरायचा रेल्वेचा डबा. बाप्टिस्ट पंथाचा ‘इव्हँजल’ हा पहिला डबा १८९१ साली रुळांवर आला. पुढे त्यांचे एकूण ७ झाले. ज्या गावात रूळ पोचले पण चर्च नव्हतं, तिथे डबा सायडिंगला (बाजूच्या रुळावर) लावायचा आणि त्यातच प्रार्थना, रविवारची शाळा, प्रसंगी लग्नंही. डब्याच्या एका टोकाला धर्मोपदेशकाचा संसार, बहुधा सपत्नीक. आता विचार करा, नवं जोडपं आहे, भांडण झालंय, तर रुसून जायचं कुठे? भिंतीपलीकडे बाकांवर माणसं बसलेली! मला तरी खरी कथा तिथे दिसते.

१८९८ च्या ‘मेसेंजर ऑफ पीस’साठी ७५ बायकांनी प्रत्येकी १०० डॉलर दिले होते. तो डबा वॉशिंग्टन राज्यात, स्नोक्वाल्मीच्या रेल्वे संग्रहालयात जपलेला आहे. त्या पंचाहत्तरजणींत कुणाला नायिका सापडली तर उत्तम.

प्रवचन मात्र आवरतं घ्या. येणार की नाही ते गुरुवारपर्यंत कळवा. बटाटेवडे मोजून सांगायचेत.